एकशे अठरा लाद्या

"उद्या पेशंट कोण आणणार?" फणसळकर मॅडमनी विचारलं आणि हॉलमधले आम्ही पन्नास फिजिओथेरपिस्ट एकदम आपापल्या वह्यांमध्ये काहीतरी महत्त्वाचं शोधायला लागलो.

"बरा झालेला नकोय," त्या म्हणाल्या. "जो तुमच्या हातून बरा झाला नाही, तो आणा. मी त्याला तुमच्यासमोर तपासेन. मलाही नाही जमलं तर तेही तुमच्यासमोरच."

वह्यांची पानं आणखी जोरात उलटायला लागली.

मिरजेतल्या एका कॉलेजात हाडं, सांधे आणि स्नायूंच्या दुखण्यांचं निदान आणि उपचार या विषयावर तीन दिवसांची कार्यशाळा होती. दुसरा दिवस संपत आला होता. या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. मी तेव्हा पस्तिशीचा होतो, स्टेशन रोडला माझं क्लिनिक बऱ्यापैकी चालत होतं आणि अशा कार्यशाळांना मी मोठ्या हौसेनं जायचो. हौस शिकण्याची होती, असं आज म्हणवत नाही. क्लिनिकच्या भिंतीवर अकरा प्रमाणपत्रं फ्रेम करून लावलेली होती आणि बाराव्यासाठी खिळा ठोकून तयार होता. पेशंट आत आला की आधी भिंत बघायचा, मग मला बघायचा, आणि मला ते आवडायचं.

फणसळकर मॅडम पुण्याच्या. नाव ऐकून मी कोणीतरी धिप्पाड बाई डोळ्यांसमोर आणली होती. प्रत्यक्षात त्या अंगानं एवढ्याशा, सत्तरीला टेकलेल्या, जाड चष्म्याच्या. हाताची बोटं संधिवातानं वाकडी झालेली. पहिल्याच दिवशी त्यांनी दोन्ही हात वर करून आम्हाला दाखवले आणि म्हणाल्या, "या बोटांना आता बारीक काही कळत नाही. तेव्हा हात तुमचे वापरायचे, डोकं सगळ्यांनी मिळून वापरायचं." मी जरा खट्टूच झालो. मला हातांची जादू बघायची होती.

तर पेशंट आणण्यासाठी मी हात वर केला. त्याला दोन कारणं होती, एक सांगण्यासारखं आणि एक न सांगण्यासारखं.

सांगण्यासारखं कारण म्हणजे ऐवळेमामा. यशवंत ऐवळे रेल्वेत चावीवाले होते. चावीवाला म्हणजे खांद्यावर हातोडा घेऊन रोज रुळाच्या कडेनं चालत जायचं आणि रूळ जागेवर धरून ठेवणारी लोखंडी चावी जिथे ढिली झाली असेल तिथे ठोकून घट्ट करायची, हे काम करणारा माणूस. तीस वर्षं ते रोज पाच-सहा किलोमीटर चालले होते. पण वर्षभरापासून चाललं की त्यांच्या डाव्या पोटरीत कळ यायची आणि थांबावंच लागायचं. रेल्वेनं त्यांना उचलून स्टोअरमध्ये बसवलं होतं. कमरेच्या एमआरआयमध्ये मणक्यातली जागा अरुंद झालेली स्पष्ट दिसत होती. तिथे नस दाबली जातेय, असं मी सांगितलं आणि पुढे सर्जननीही तेच सांगितलं. चार महिने माझ्याकडे कमरेला ताण देऊन झाला, शेक देऊन झाला. आता बुधवारी मणक्याचं ऑपरेशन ठरलं होतं. ऑपरेशन करून घ्या, असं त्यांना सांगणारा पहिला माणूस मीच होतो.

शुक्रवारी सकाळी मी कार्यशाळेला निघत होतो, तेव्हा त्यांच्या बायकोनं, शालनमामींनी, मला क्लिनिकच्या दारात गाठलं होतं.

"डॉक्टर, बुधवारच्या आत आनी कुनाला तरी दावू या का?"

"मामी, फोटोत स्वच्छ दिसतंय."

"फोटूत दिसतंय, खरं पाठीवर सुरी चालवायची हाय. नंतर उठलंच न्हाईत तर? दोन वर्सं नोकरी हाय अजून. आनी नोकरी ऱ्हाऊ दे, मानूस अंथरुनात पडलेला मला बघवनार न्हाई."

"काही होत नाही," असं म्हणून मी गाडीला किक मारली होती.

आता न सांगण्यासारखं कारण. मला माझ्या निदानाची खात्री होती. मॅडम ऐवळेमामांना तपासणार आणि पन्नास जणांसमोर म्हणणार, चौगुलेंचं बरोबर आहे, आता ऑपरेशनच हवं. बरा न झालेला पेशंट आणल्याचं श्रेय मिळणार, आणि तो बरा न होण्यात चूक माझी नाही, मणक्याची, हेही सिद्ध होणार. इतकं सुरक्षित अपयश मला पुन्हा कुठे मिळालं असतं?

रविवारी दहाच्या ठोक्याला ऐवळेमामा हजर. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले काळे बूट, पांढरे मोजे. मामींच्या हातात एमआरआयचा मोठा पिवळा लिफाफा होता. त्यांनी तो अदबीनं मॅडमपुढे धरला.

"ते नंतर," मॅडम म्हणाल्या. "आधी यांना बघू. बसा ऐवळे. काय होतं तुम्हाला?"

"डावी पोटरी दुकती, मॅडम. चाललं की."

"किती चाललं की?"

"दीड खांब."

"म्हणजे?"

"रुळाकडंचं तारंचं खांब. गेल्या साली धा-बारा खांब जायचो. दिवाळीला चार. आता दीड खांब झालं की पोटरी आवळती."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "चौगुले, हे खांब तुझ्या कार्डावर आहेत?"

माझ्या कार्डावर लिहिलं होतं, 'चालल्यावर वेदना'. त्याखाली तारखा होत्या आणि प्रत्येक तारखेपुढे 'सुधारणा समाधानकारक'. मी ते वाचून दाखवलं.

"सुधारणा होती, तर ऑपरेशन कशाला?"

"दर वेळी विचारत होतो, मॅडम. फरक आहे म्हणायचे."

"कसं विचारायचास? आत्ता विचार बरं."

मी नेहमीसारखा पुढे झालो, मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "काय मामा, फरक आहे ना?"

"हाय की, डॉक्टर. तुमच्या हाताला गुन हाय."

तीन दिवसांनी पाठ उघडून घ्यायला निघालेला माणूस हे म्हणत होता. हॉलमध्ये हशा पिकला. मीही हसलो, पण जरा उशिरानं.

"बोलण्यावर नको जायला," मॅडम म्हणाल्या. "लाद्या मोजू या."

हॉलबाहेर लांब व्हरांडा होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साठ लाद्या. सांगलीहून आलेली हिना मुजावर नावाची मुलगी मोजायला उभी राहिली. बाकी आम्ही भिंतीला लागून. ऐवळेमामा चालायला लागले. चाल मोठी डौलदार होती, रुळांखालच्या स्लीपरवर पावलं टाकून टाकून अंगात भिनलेली. एक फेरी झाली, ते वळले, परत आले, आणि सुरुवातीच्या टोकाला पोचता पोचता थांबले. पोटरी हातानं धरली.

"एकशे अठरा," हिना म्हणाली.

आत येऊन मॅडमनी फळ्यावर ११८ लिहिलं आणि त्याखाली लिहिलं, 'कंबर'. माझी छाती फुगली. त्या म्हणाल्या, "माझा अंदाज चौगुल्यासारखाच आहे. मणक्यातली जागा अरुंद असेल, तर पुढे वाकल्यावर ती थोडी मोकळी होते. म्हणजे वाकवणारे व्यायाम दिले आणि वाकून चालवलं, तर हा आकडा वाढायला हवा. बघू."

मग वीस मिनिटं माझे हात आणि मॅडमचे शब्द. कुठे धरायचं, किती दाबायचं, केव्हा सोडायचं. त्या सांगत होत्या आणि पन्नास माणसं श्वास रोखून बघत होती. उपचार संपला, तेव्हा मागून कोणीतरी विचारलं, "मामा, वाटतोय का फरक?"

"लई फरक हाय. पाय पिसावानी झाला."

टाळ्या वाजल्या. मॅडमनी वाजवल्या नाहीत. टाळ्या थांबेपर्यंत त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "चला, परत व्हरांड्यात."

या वेळी चहाची ट्रॉली आणली. मामांनी तिच्यावर ओणवं होऊन ती ढकलत चालायचं होतं. पहिली फेरी झाली. दुसऱ्या फेरीत परत येताना मामा नोटीस बोर्डापाशी थांबले, ट्रॉली सोडून ताठ उभे राहिले आणि बोर्ड वाचायला लागले. एक-दोन मिनिटं वाचला असेल. आम्ही थांबलो. वाचून झाल्यावर त्यांनी पुन्हा ट्रॉली धरली आणि आणखी बऱ्याच लाद्या चालून दाखवल्या.

"एकशे साठ झाल्या, मॅडम," कोणीतरी आनंदानं म्हणालं. "चांगला फरक आहे."

"मध्ये थांबले ती लादी कुठली?"

हिनानं वहीत बघितलं. "एकशे सोळा. पण ते बोर्ड वाचत होते."

मॅडम तुरुतुरु बोर्डापाशी गेल्या. चष्मा वर करून त्यांनी बोर्ड वाचला. गेल्या वर्षीच्या परीक्षेचं इंग्रजी वेळापत्रक होतं.

"ऐवळे, काय वाचलंत यात?"

मामांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "काय न्हाई, मॅडम. पाय थांबला. खरं, एवढ्या सगळ्यांनी मिळून एवढं केल्यावर लगीच न्हाई कसं म्हनायचं?"

"बाहेर चालतानाही असंच करता?"

"बाजारात दुकानं बघत हुबा ऱ्हातो. कुनाला काय वाटत न्हाई."

मामी एकदम पुढे आल्या. "म्हंजे त्या भांड्याच्या दुकानाम्होरं हुबं ऱ्हायचा, त्ये ह्यापायी? मला वाटायचं, मला काय घ्यायचं हाय का ते बघतायसा."

कोणीही हसलं नाही.

मॅडमनी मामांच्या जवळ जाऊन हळू आवाजात विचारलं, "आत्ता बोर्डापाशी उभे होतात, तेव्हा कळ गेली? वाकावं लागलं? टेकावं, बसावं लागलं?"

"न्हाई. ताठ हुबा ऱ्हायलो तरी जाती. फकस्त थांबाय पायजे."

त्या आत आल्या. आम्ही मागोमाग. त्यांनी डस्टर उचलला आणि फळ्यावरचं 'कंबर' पुसून टाकलं.

"मी चुकले," त्या म्हणाल्या. "वाकून चालले तरी कळ तिथेच आली आणि ताठ उभे राहिले तरी गेली. मणक्याचं दुखणं असं वागत नाही. फोटोत मणका अरुंद असेलही, यांच्या वयाच्या कित्येकांचा असतो. पण दुखतंय ते त्याच्यामुळे नाही. वीस मिनिटं मी तुम्हा सगळ्यांना चुकीच्या वाटेनं नेलं."

अकरा प्रमाणपत्रं घेताना मी अकरा मोठी माणसं ऐकली होती. त्यांतल्या एकानंही फळा असा पुसला नव्हता. आणि ही बाई चाळीस वर्षांचं नाव गाठीशी घेऊन, टाळ्या मिळालेल्या असताना, ओट्यावरचं सांडलेलं पुसावं तितक्या सहज स्वतःची चूक पुसत होती. मला त्यांचा विलक्षण आदर वाटला, आणि दुसऱ्याच क्षणी मी मनात हिशेब मांडला. त्यांची चूक वीस मिनिटांची होती, माझी चार महिन्यांची. आणि बुधवार तीन दिवसांवर होता.

"मग काय असेल, मॅडम?" हिनानं विचारलं.

"बूट काढा, ऐवळे."

मामांनी दोन्ही पाय झटकन खुर्चीखाली ओढून घेतले. "पायाला नको, मॅडम. आमच्या पायाला हात नका लावू. डॉक्टरनीबी कदी लावला न्हाई."

ते माझी बाजू घेत होते, कौतुक करत होते. मला मात्र त्या हॉलमधून निघून जावंसं वाटलं.

कारण ते खरं होतं. पहिल्या दिवशी मी त्यांच्या बुटांकडे वाकलो होतो, तेव्हा त्यांनी असेच पाय मागे घेतले होते आणि हेच म्हणाले होते, आमच्या पायाला नको, साहेब. त्या 'आमच्या'त काय काय आहे, हे मिरजेत वाढलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. त्याच वेळी मी खाली बसून ते बूट काढायला हवे होते. मी म्हणालो, बरं, राहू द्या. त्यांच्या भावनेचा मान राखला, असं मी स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर मला ते सोयीचं वाटलं होतं. दुखणं पायात आहे असं सांगणाऱ्या माणसाचे मोजे मी चार महिने काढले नाहीत.

मॅडमनी खुर्चीचा दांडा धरला आणि सावकाश, गुडघे वाजवत, मामांच्या पुढ्यात जमिनीवर बसल्या.

"ऐवळे, मी अडुसष्ट वर्षांची आहे," त्या म्हणाल्या. "एकदा खाली बसले की मला उठवायला दोन माणसं लागतात. आता बसलेच आहे, तर काढू द्या बूट."

मामांनी बायकोकडे बघितलं. मामी म्हणाल्या, "काढू द्या की. एवढी मोठी बाई भुईवर बसली तुमच्यासाठी."

मॅडमनी नाडीची गाठ सोडायचा प्रयत्न केला. वाकड्या बोटांत ती सापडेना. तेव्हा मी गुडघे टेकून त्यांच्या शेजारी बसलो, नाड्या सोडल्या, बूट काढले, मोजे काढले.

"काय दिसतंय ते मोठ्यानं सांग," मॅडम म्हणाल्या.

"उजवा पाय नेहमीसारखा आहे. डावा फिकट दिसतोय." माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. "डाव्या नडगीवरचे केस गेलेत. नखं जाड झालीयेत."

"हात लाव."

"गार आहे. घोट्यापासून खाली गार आहे."

"उजव्या पायाच्या पाठीवर बोटं ठेव. अंगठा आणि शेजारचं बोट, त्यांच्या मधल्या रेषेत वर ये. दाबू नकोस, दाबलं की स्वतःच्याच बोटांचे ठोके लागतात. नुसती टेकव आणि थांब."

मी थांबलो. मग बोटांखाली ते आलं. एक ठोका, एक ठोका, नेमका आणि भरघोस.

"आता डावा."

मी डाव्या पायावर बोटं ठेवली. काही नाही. जरा वर सरकवली. काही नाही. घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडामागे बघायला सांगितलं, तिथे बघितलं. गुडघ्यामागे बघितलं. हॉलमध्ये पन्नास माणसं होती आणि पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मी परत पायाच्या पाठीवर आलो आणि डोळे मिटून बसलो. बोटांखाली थंड कातडी होती, बाकी काही नव्हतं. जिवंत, बोलत्या-चालत्या माणसाचा पाय आणि त्यात नाडी नाही. मला भीती वाटली, अगदी लहान मूल घाबरतं तशी.

"नाही लागत, मॅडम."

"मलाही तसंच वाटत होतं," त्या म्हणाल्या. मग मामांकडे वळून त्यांनी विचारलं, "विडी?"

"तीस वर्सं. रोज एक बंडल."

"ऐवळे, तुमच्या मांडीतली रक्ताची वाट बंद होत आलीय. बसल्यावर पोटरीला पुरेल एवढं रक्त कसंबसं पोचतं. चालताना जास्त लागतं, ते मिळत नाही, म्हणून ती आवळते. थांबलं की भागतं. म्हणून तुमचे बारा खांब चार झाले आणि चाराचे दीड. बुधवारी मणक्याचं ऑपरेशन करायचं नाही. आधी ही वाट उघडायची. आणि विडी आज बंद. उद्या नाही, आज."

"पाय ऱ्हाईल न्हवं?" मामींनी विचारलं.

"आता लगेच हललं, तर राहील. आणखी काही महिने गेले असते, एखादी जखम झाली असती, तर ती भरली नसती. मग मला असं सांगता आलं नसतं."

पायाची नाडी कशी बघायची, हे कॉलेजच्या सुरुवातीच्या वर्षांतच शिकवतात. मला ते माहीत होतं. परीक्षेत त्याला पैकीच्या पैकी गुणही मिळाले होते.

मॅडम अजून जमिनीवरच होत्या. त्या मामांना म्हणाल्या, "या सगळ्यांना शिकायचंय. तुमची हरकत नसेल, तर एकेक जण येऊन दोन्ही पाय बघेल."

"मी काय शिकवनार, मॅडम?"

"आज तुम्हीच शिकवताय. मी सकाळी चुकले, ते तुम्ही बोर्डापाशी थांबलात म्हणून कळलं."

मग रांग लागली. हिना पहिली होती. ती गुडघ्यांवर बसली, ओढणी मागे टाकली, उजव्या पायावर बोटं ठेवून थांबली, मग डाव्या पायावर ठेवून थांबली. वर बघितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिच्यामागून एक, त्याच्यामागून एक. कोल्हापूरचे, सोलापूरचे, बेळगावचे, काही माझ्यासारखे भिंतीवर फ्रेमा लावणारे. प्रत्येक जण खाली बसायचा, वाकायचा, दोन्ही पायांवर बोटं टेकवून गप्प व्हायचा. पहिल्या दहा-बारा जणांना मामा प्रत्येक वेळी हात जोडत होते. मग त्यांनी हात मांडीवर ठेवले. विसाव्या-पंचविसाव्याला एका पोराला उजव्या पायाची नाडी सापडेना, तेव्हा मामा वाकून म्हणाले, "जरा वर या. अंगठ्याच्या रेषंत. हां, तितंच. दाबू नगा." त्यानंतर ते प्रत्येकाला सांगत गेले. जेवणाची वेळ टळून गेली, कोणी उठलं नाही. तास-सव्वा तास ते चाललं होतं आणि त्या हॉलमध्ये जो आदर भरून राहिला होता, तसा मी त्याआधी कुठल्याही देवळात अनुभवला नव्हता. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि मला माझ्या हातांचं काय करावं ते कळत नव्हतं.

संध्याकाळी मी मणक्याच्या सर्जनना फोन केला. ते म्हणाले, "बरं झालं, वेळेत सांगितलंस," आणि रक्तवाहिन्यांच्या तपासणीची चिठ्ठी त्यांनीच लिहून दिली. मांडीतली वाहिनी जवळजवळ पूर्ण बंद होती. मॅडमनी पुण्यात शब्द टाकला, रेल्वेनं कागद हलवले, आणि पंधरा दिवसांत मामांच्याच पायातली एक शीर घेऊन डॉक्टरांनी बंद वाटेला वळसा घालून नवी वाट करून दिली.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी मी पुण्याला गेलो. वॉर्डाच्या दारात पाय अडखळला, पण गेलो. मामा उशीला टेकून बसले होते, शेजारी स्टुलावर मामी.

"मामा, माझं चुकलं," मी म्हणालो. सबंध प्रवासात जुळवलेलं लांबलचक भाषण एवढ्यावरच आटोपलं. "पहिल्याच दिवशी बघायला पाहिजे होतं."

"मीबी खोटं बोलत हुतो की, डॉक्टर. तुमी राबताय आनी मी न्हाई म्हनायचं, जिवाला बरं वाटत नव्हतं."

"पुढे कधी खोटं बोलू नका."

"बरं. मग सांगतो, तुमच्या त्या शेकानं मला काडीचाबी फरक पडला न्हवता."

मामी खुदकन हसल्या आणि तोंडावर पदर धरला. मला हसावं की रडावं कळेना.

मग मी पांघरूण बाजूला केलं. डावा पाय सुजला होता, टाके दिसत होते, पण रंग आला होता. हात लावला तर ऊन. मी बोटं टेकवली आणि थांबलो. दाबलं नाही. आणि ती आली. उजव्या पायाइतकी भरघोस नव्हती, पण होती, पुन्हा होती, पुन्हा होती. दहा वर्षं या कामात राहूनही माझ्या हाताखाली इतकं मोठं काही आलं नव्हतं.

"लागली व्हय?" मामींनी विचारलं.

"लागली."

"मला दावा की."

मी त्यांची दोन बोटं धरून मामांच्या पायावर नेमकी ठेवली. त्या डोळे बारीक करून बसल्या. "काय न्हाई ह्यात."

"दाबू नका, मामी. नुसती ठेवा. थांबा."

त्या थांबल्या. शेजारच्या खाटेवर कोणीतरी खोकत होतं, बाहेर जेवणाच्या गाड्यांचा खडखडाट चालला होता. आणि मामींचं तोंड हळूच उघडलं.

"उडतंय," त्या म्हणाल्या. "हितं उडतंय की हो. लगीन झाल्यापास्नं तुमच्या पाया पडत आले, ह्ये कदी लागलं न्हवतं हाताला."

"सोड आता," मामा संकोचून म्हणाले. "डॉक्टर बसल्यात."

तेवढ्यात नर्स ब्लडप्रेशर घ्यायला आली. मामी तिला जागा देण्यासाठी स्टूल सरकवून बाजूला झाल्या, पण बोटं त्यांनी उचलली नाहीत.